शेवटच्या भोंग्याखाली

भडगावात झुलाल बिऱ्हाडेला ओळखत नाही असा माणूस नव्हता. विहिरीवरची मोटर जळाली की तिला नवी तार भरून द्यायचा तो, आणि बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवसांत पंडितभाऊंच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचाही तोच. त्याच्या बायकोला, कलाबाईला, कोण ओळखणार? निंदायला-वेचायला जायचं, घर बघायचं आणि वेळ पडली तर समोरच्याला फाडकन सुनवायचं, एवढीच तिची ख्याती. पण त्या पार्टीत खरे कान कोणाचे होते, असं विचाराल, तर ते या बाईचे. हे पार्टीला कळायला एक जयंती जावी लागली, आणि नवऱ्याला कळायलाही तेवढाच वेळ लागला.

कलाबाईचं माहेर गिरणेच्या काठावरचंच. बाप पलीकडच्या तीरावर दुसऱ्याची बाग राखायला असायचा, घर अलीकडे. पाहुणे आले, म्हैस सुटली, कोणी आजारी पडलं, काहीही झालं तरी निरोप नदीवरूनच जायचा. लहानगी कला काठावर उभी राहून गळा फाडून ओरडायची आणि पलीकडून बाप नुसता हात उडवायचा, काय म्हणून. मग तिची आई भागाबाई तिला बाजूला सारायची. "मोठं बोलू नको, लांब बोल," म्हणायची. आणि ना फार उंच ना फार खाली अशा सुरात, एकेक अक्षर सुटं करून हाळी द्यायची. बाप तिकडे मान डोलवायचा. पाण्यावरून ओरड पोचते पण शब्द पोचतोच असं नाही, हे कलाला शाळेत जायच्या आधीच कळलं होतं.

आता जयंतीची गोष्ट. नव्वद साल मागे पडलं होतं. दिवाळीनंतर पंडितभाऊंनी पार्टीसाठी कॅसिओ आणला, हरेक वाद्याचा आवाज काढणारी विजेवरची पेटी. झाकण उघडून एक बटन दाबलं आणि झुलालला म्हणाले, "ऐक भो, हाई पेटीमा गिटार बी शे." मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या, म्हणूनच ते जास्त लागलं. पुढे म्हणाले, "धुळानी जयंती व्हऊ दे, मंग देखू." म्हणजे धुळ्याचा कार्यक्रम झाला की झुलालची गिटार राहणार की जाणार, हे ठरणार होतं.

त्या दिवशी झुलाल ताटावरून तसाच उठला. एरवी कलाबाई त्याला सोडायची नाही. "वाजवणं कमी नि मिरवणं जास्त," असं चारचौघांत म्हणायची. पण नवरा भिंतीला टेकून गिटार नुसती मांडीवर घेऊन बसलेला पाहिला आणि तिचा जीव तुटला. वर्षभर तेलाचे, वार्निशचे हात. त्यातले हे चार दिवस त्याचे स्वतःचे होते. तेही गेले तर माणूस आतून मरेल, हे तिला दिसत होतं.

मग झुलाल जळगावला एका हॉस्टेलची पाण्याची मोटर बसवायला गेला आणि वेगळाच होऊन परत आला. तिथल्या एका पोराच्या टेपवर त्याने हेवी मेटल नावाचं परदेशी संगीत ऐकलं होतं. गिटार अशी, की करवत लाकडात शिरावी, पण सुरात! बोट उचललं तरी सूर मरत नाही, गुरगुरत राहतो. कॅसिओच्या बटनात हे कुठून येणार? पोराने त्याला सांगितलं की सगळी करामत प्रीअँपची. तारेचा आवाज मुळात नाजूक असतो. तो मोठ्या अँप्लिफायरकडे जाण्याआधी ही डबी त्याला फुगवते आणि खरखरीत करते. पोराजवळ परदेशी काळी डबी होती. परीक्षा होईपर्यंत वापरा काका, म्हणून देऊन टाकली. देव भलं करो त्याचं, असं म्हणायची त्या घरात रीत नव्हती, पण कलाबाईने पोरासाठी लोणच्याची बरणी मात्र धाडली.

ती परत द्यायची होती, म्हणून दुसरी डबी करून घेतली ती जळगावच्याच सुपडू रेडिओवाल्याकडून. भंगारात आलेल्या एका जुन्या लाऊडस्पीकरच्या यंत्रातला पुढचा भाग त्याने काढला, काचेच्या वॉल्व्हसकट, आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवला. दिसायला अगदी ध्यान. आवाजही काळ्या डबीसारखा भरदार नव्हता, जरा नाकातून यायचा. घरात दोन्ही वाजवून पाहिल्यावर झुलालने निकाल देऊन टाकला. काळी डबी म्हणजे हुबेहूब टेप! खालचा खर्ज छातीत घुमतो, वरची धार कानात शिरते. बिस्किटाचा डबा त्याने फळीवर टाकला.

"घरमा का जयंती शे?" कलाबाई म्हणाली. "भोंगा लावा नि देखा."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पार्टीचा आवाज जायचा तो खांबावर बांधलेल्या भोंग्यांतून. म्हणून एका रविवारी झुलालने नदीकाठच्या मोटरीच्या खोलीतून वीज घेतली, मांडववाल्याचा भोंगा आणला आणि पलीकडे तोंड करून बांधला. कलाबाई गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेली. तिथे धुणं धुणाऱ्या बाया होत्या. ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

झुलालने काळी डबी लावून पाळणा वाजवला, बाबासाहेबांच्या जन्माचा, त्या वस्तीत प्रत्येक बाईला पाठ असलेला. पलीकडे पोचली ती नुसती घरघर. एक बाई पिळता पिळता म्हणाली, "कोनी चक्की चालू व्हयनी व माय?" मग त्याने पत्र्याचा डबा लावला आणि तोच पाळणा पुन्हा घेतला. आवाज तसाच खरखरीत, रांगडा, पण चाल कशी स्वच्छ! चक्की म्हणणारी तीच बाई दुसऱ्या ओळीला गुणगुणायला लागली. तिला स्वतःला पत्ताही नव्हता.

कलाबाई परत आली ती ओचा पिळत. "डबानं बठ्ठं समजनं," म्हणाली. "ती काळी नुसती वरडस."

झुलालचं तोंड एवढंसं झालं. "धुणं धुणाऱ्या बायांना संगीतातलं काय समजतं?" घुश्श्यात आला की तो रेडिओवरच्या माणसासारखा शुद्ध बोलायचा.

"जयंतीले कोण येस मंग? त्याच बाया येतस."

पण झुलालचा जीव त्या काळ्या डबीत अडकला होता. शेवटी तह झाला. धुळ्याला दोन्ही न्यायच्या, वाजवायची काळी. कलाबाई शेवटच्या भोंग्याखाली उभी राहणार, आणि चाल कळेनाशी झाली तर हातातली पिवळी पिशवी वर धरणार. स्टेजवरच्याला बाहेरचं काय ऐकू येतं, कप्पाळ? त्याच्या पायाशी त्याचा स्वतःचा स्पीकर असतो.

धुळ्याचं मैदान दिवेलागणीला भरून गेलं. पार्टीची सुरुवात गिटारवर एकट्या पाळण्याने करायची, असं झुलालने पंडितभाऊंकडून कबूल करून घेतलं होतं. त्याने पहिला सूर घेतला आणि पुढच्या रांगांतली पोरं उठून नाचायलाच लागली. पंडितभाऊंनीही मान वळवून पाहिलं. झुलालच्या चेहऱ्यावर जे आलं ते कलाबाईला इतक्या लांबून, ट्यूबलाइटखालून दिसलं. लग्न झाल्यापासून तिने त्याला एवढं आनंदात पाहिलं नव्हतं.

आणि तिच्या डोक्यावरचा भोंगा नुसता दळत होता. भोंग्याला खर्ज झेपत नाही. काळ्या डबीने मधला सूर खाल्लेला, उरली ती वरची खरखर. शेजारचा म्हातारा म्हणाला, "मशीन बिघडनं वाटस." मागच्या बाया पोरांना घेऊन रसवंतीकडे वळायला लागल्या. पुढची शंभर पोरं नाचत होती आणि मागचं अख्खं मैदान उठून चाललं होतं.

कलाबाईने पिशवी अर्धी उचलली आणि तिचा हात थांबला. भर पाळण्यात त्याने वायर उपटली आणि स्टेजवर काही बिनसलं, तर पंडितभाऊंना दुसरं निमित्त नको. गिटार जाईल ती तिच्या हाताने जाईल. आणि काही न करता उभी राहिली तर तो निदान आजचा दिवस सुखात राहील. फार वाईट वेळ होती ती. मग तिला काठावर हात उडवणारा बाप आठवला, ऐकू येत नाही म्हणून बिचारा नुसता हसायचा. तिने पिशवी वर धरली.

झुलालने पाहिलं. मान फिरवली. पुन्हा पाहिलं. पिशवी तशीच वर होती, हात भरून आला तरी तिने खाली घेतली नाही. नाचणारी पोरं त्याच्या पुढ्यात होती, पायाशी छाती भरून टाकणारा खर्ज होता, त्याचे स्वतःचे कान सांगत होते की याहून भारी आजवर वाजलं नाही. त्याने वाकून वायर उपटली. सगळ्या भोंग्यांतून धप्प झालं. पंडितभाऊंनी डोळे वटारले आणि सांभाळून घ्यायला कॅसिओकडे हात नेला. पण तोवर पत्र्याचा डबा लागला होता.

कलाबाईच्या डोक्यावरून पाळणा निघाला, अक्षर न् अक्षर सुटं, गुरगुरणारा, आणि सरळ मैदानाबाहेर गेला. रसवंतीशी पोचलेल्या बाया थांबल्या. एकीने तिथूनच ओळ उचलली, मग दुसरीने, आणि पोरं कडेवर घेऊन त्या गात गात परत आल्या. म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. शंभर माणसांचं गाणं बघता बघता सगळ्या मैदानाचं झालं. कलाबाईने पिशवी खाली घेतली आणि तिच्यातच तोंड घालून रडून घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर पंडितभाऊ म्हणाले, "कॅसिओ ऱ्हाई, तू बी ऱ्हाशी. पण चालू गाणामा वायर कशी काढी तू? माले तर झकास वाटी ऱ्हायंतं."

"माले बी," झुलाल म्हणाला. "पण ऐकनारी तठे उभी होती."

काळी डबी लोणच्याच्या दुसऱ्या बरणीबरोबर हॉस्टेलला परत गेली. त्यानंतर पार्टी धरणगावला गेली, पहूरला गेली, आणि प्रत्येक ठिकाणी गाडीत कलाबाईची जागा आधी धरलेली असायची. पहूरला एका कार्यकर्त्याने जेवणासाठी पार्टीची माणसं मोजता मोजता विचारलं, "या बाई काय वाजवतात?"

"वहिनी ऐकतात," पंडितभाऊ म्हणाले, आणि पेटीवर हात ठेवून मैदानाच्या टोकाकडे पाहत थांबले. ती अजून शेवटच्या भोंग्यापर्यंत पोचायची होती.