प्लास्टर निघालं आणि टाच टेकली

मंडळी, आज दुपारी भाचीच्या पायाचं प्लास्टर काढायला नौपाड्यात गेलेले. कापायच्या मशीनचा आवाज ऐकून ती इतकी घाबरली, की मी तिला माझी गोष्ट सांगत बसले.

सत्त्याऐंशी साल असेल. मी दहा वर्षांची. जन्मापासून माझी उजवी टाच जमिनीला टेकायची नाही, चवड्यावरच चालायचे. आई कळव्याच्या बाजारात मासळी विकायची. तिनेच हट्ट धरून माझं ऑपरेशन करवलं. पुढे दीड महिना पाय प्लास्टरमध्ये.

प्लास्टर कापताना मी डोळे गच्च मिटलेले. उघडून बघते तर पाय काडीसारखा, वर सालपटं निघालेली. रडूच आलं. डॉक्टर म्हणाले, "रडतेस काय? टेबल धर आणि उभी राहा."

उभी राहिले. पण पाय इतका आखडलेला, की टाच टेकली की नाही तेच कळेना. तशी आई खाली बसली आणि टाचेखाली बोट सरकवून बघायला लागली. थोडंसं आत गेलं. मी घाबरत घाबरत सगळा भार दिला.

"बोट चेंगरलंस गो माजं!" आई ओरडली. "टेकली! टाच टेकली!" हसत होती, रडत होती, पण बोट काही काढेना.

गोष्ट संपेपर्यंत भाचीचं प्लास्टर निघालेलं. ती म्हणते, "मावशी, मग आजीचं बोट?"

म्हटलं, "दोन दिवस दुखत होतं. अख्ख्या बाजाराला कौतुकाने दाखवत फिरली."

तुमचं प्लास्टर निघालं तेव्हा सोबत कोण होतं?