दुमजली विमानाचा जिना

अंधेरीची आमची इमारत पाडायची ठरली. एकेक बिऱ्हाड निघून गेलं आणि शेवटी आम्हीच उरलो. कारण बाबा. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, घर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. दीड वर्षात ते खाली उतरले नव्हते. सामान बांधून, कागदांवर सह्या करून आणि बाबांची समजूत घालून मी इतकी थकले होते की रडायचाही कंटाळा यायचा.

सामान न्यायला आलेल्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून उचलायची तयारी केली. बाबा भडकले. "मी काय कपाट आहे?"

बाबा विमानतळावर विमानांमध्ये गालिचे बसवायचे. पहिली मोठी दुमजली विमानं आली, तेव्हा त्यांत वरच्या मजल्यावर जायला गोल जिना असायचा. वर पैसेवाल्यांसाठी सोफे. बाबा त्या सोफ्यांवर कधी बसले नाहीत, त्या विमानातून उडालेही नाहीत. पण जिना त्यांचा. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी जिना यायचा. खोटं कशाला बोलू, मला लहानपणापासून त्या जिन्याचा वैताग होता.

"गालिचा वरून चिकटवत यायचा," ते सांगायचे, "पायऱ्यांकडे तोंड करून उलटं उतरायचं. म्हणजे ओल्या गोंदावर पाय पडत नाही."

त्या दिवशी बाबांनी त्या दोघांना बाजूला केलं, दाराबाहेर येऊन घराकडे तोंड केलं, कठडा घट्ट धरला आणि उलटे उतरू लागले.

"अहो बाबा, पडाल!"

"तू खाली राहा. पाठीला हात लाव फक्त."

मी एक पायरी खाली, हात त्यांच्या घामेजल्या शर्टावर. असं उतरताना गुडघे कमी वाकत होते. हळूहळू, पण उतरत होते. दीड वर्ष हे त्यांना का सुचलं नाही, म्हणून माझं डोकं फिरलं. डॉक्टरला घरी बोलावण्यासाठी मी किती हातापाया पडले होते! मग ध्यानात आलं, त्यांना सुचलं नव्हतं असं नाही. त्यांना उतरायचंच नव्हतं.

तळाशी पोचल्यावर मी म्हटलं, "संपल्या पायऱ्या. वळा आता."

ते वळले नाहीत. वर बघत म्हणाले, "दार नीट लावलंस ना गं?"

ते दार दुसऱ्या दिवशी चौकटीसकट काढणार होते.

"लावलं," मी म्हटलं, आणि खांद्यांना धरून मीच त्यांना वळवलं.