साहेबांना फरशीत तोंड दिसायला हवं होतं

“मॅडम, तोंड दिसलं पाहिजे फरशीत. तोंड!”

आळंदच्या साइटवर, अर्धवट बांधलेल्या हॉलच्या मधोमध उभे राहून बिराजदार साहेब मला सांगत होते. पायाखाली काँक्रीटचा फ्लोअर होता, करडा आणि खरखरीत. साहेब आतापासूनच वाकून बघायला लागले होते.

मी गुलबर्ग्यात आर्किटेक्ट आहे. साहेब एका सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. खुर्ची गेली, आवाज राहिला. त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई हायस्कूलमध्ये गणित शिकवायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यातून त्या उठल्या, पण डावा पाय ओढत चालतात आणि शब्द जरा उशिरा येतो. डोकं मात्र पहिल्यासारखंच. गुलबर्ग्याच्या फ्लॅटचे जिने त्यांना जमेनात, म्हणून साहेबांनी गावाकडं, आळंदला, घर बांधायला काढलं. एकमजली, उंबरे नाहीत, बाथरूमचं दार रुंद. “समदं हिच्यासाठी करायलोय,” असं साहेब भेटेल त्याला सांगायचे. ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे.

आमचा जिल्हा म्हणजे शहाबादी फरशीचं माहेर. ती इथून कुठं कुठं जाते. साहेबांच्या मते ती गोठ्यातली फरशी. त्यांनी हैदराबादच्या एका हॉटेलच्या लॉबीत पॉलिश केलेला काँक्रीट फ्लोअर पाहिला होता आणि तिथंच त्यांचं ठरलं. हॉटेलच्या लॉबीत माणूस किती वेळ थांबतो? चावी मिळेपर्यंत. त्यावरून जन्मभराचं घर ठरवणारे हे काही पहिलेच नव्हते.

हे काम कसं होतं ते सांगते. काँक्रीट पक्कं झालं की त्यावर घासायचं मशीन फिरवतात. त्याच्या खाली हिऱ्याची पूड बसवलेल्या चकत्या असतात. आधी जाड दाण्याच्या, मग बारीक, मग आणखी बारीक. सुतार लाकडाला पॉलिश पेपर मारतो तसंच. मध्येच काँक्रीटला एक केमिकल पाजतात, त्यानं वरचा थर घट्ट होतो. घासणं मधल्या टप्प्यावर थांबवलं तर फ्लोअर गुळगुळीत होतो, पण चमकत नाही. त्याला होन्ड म्हणतात. तसंच पुढं घासत गेलं की आरसा होतो. ते पॉलिश. कोरडा असेल तर पॉलिश फ्लोअर दिसतो तितका घसरडा नसतो. पाणी किंवा तेल सांडलं की मात्र भरवसा नाही. आणि खिडकीतलं ऊन पडलं की डोळ्यांवर तिरीप येते, ती वेगळीच.

मी साहेबांना सांगितलं, “अक्कांचा पाय उचलत नाही. होन्ड करू.”

“ते धुरकट? लोकं म्हणतील काम अर्ध्यात सोडलंय.”

मग त्यांनी हैदराबादहून कंपनीचा माणूस बोलावला. टोकदार बूट, कानात इअरफोन. मला समजावू लागला, “मॅडम, फुल अँटीस्किड है. आईना भी दिखेगा, फिसलेगा भी नहीं.”

मी म्हटलं, मागच्या खोलीत शेजारी शेजारी दोन तुकडे करून दाखवा. एक होन्ड, एक पॉलिश. त्यानं केले. काम चांगलं होतं, ते नाकारत नाही. मी त्याच्याच बाटलीतलं पाणी पॉलिशच्या तुकड्यावर ओतलं आणि म्हटलं, “चला, चालून दाखवा.”

तो कडेलाच उभा राहिला. “मॅडम, शूज नया है.”

“म्हणूनच म्हणतेय.”

“डेमो के शूज अलग आते हैं.”

साहेबांना यात काहीच खटकलं नाही. त्यांनी परीक्षेला आपले मित्र आणले. सगळे रिटायर, सगळ्यांची मतं पक्की. ओलं पुसून घेतल्यावर ते त्या आरशाभोवती गोल उभे राहिले. एकानं चक्क खिशातला कंगवा काढून भांग नीट केला. दुसरा म्हणाला, “काय चमकायलंय बगा, बिराजदार!” होन्डच्या तुकड्यावर ते बूट घालून उभे होते, पण खाली कुणी बघितलंही नाही.

मी विचारलं, “अक्कांना कधी आणताय?”

“तिला काय कळतंय मॅडम यातलं? कामून तरास द्यायचा?”

ज्यांच्यासाठी घर, त्यांनाच त्रास नको म्हणून विचारायचं नाही! मी म्हटलं, अक्का येऊन चालल्याशिवाय पुढचं मशीन फिरणार नाही. साहेब चिडले, पण दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन आले.

दुपारची वेळ होती. कंपनीचा माणूसही थांबला होता. खिडकीतून ऊन थेट आत येत होतं. अक्कांनी चपला काढल्या आणि काठी घेऊन होन्डच्या तुकड्यावर पाय ठेवला. हळूहळू चालल्या. पुढं पॉलिशची कड आली आणि त्या थांबल्या. काठी पुढं करून टेकवून पाहिली.

“हितं... पाणी सांडलंय का?”

साहेब हसले. “पाणी न्हाई गं. चमक हाय ती. चल, ये.”

अक्का हलल्या नाहीत. “मला पाणी दिसायलंय.”

“अगं, न्हाई म्हणलो की!” साहेबांनी त्यांचा दंड धरून पुढं ओढलं. अक्कांचा डावा पाय जागचा उचलला गेला नाही. तोल गेला. मी आणि कंपनीचा माणूस दोघांनी मिळून त्यांना धरलं, खुर्चीवर बसवलं. त्यांना बराच वेळ धाप लागली होती. कंपनीच्या माणसानं कानातले इअरफोन काढून खिशात टाकले.

आता तरी विषय संपला असं मला वाटलं. साहेबांनी मात्र विचार करून तोडगा काढला.

“ठीक हाय. हिच्या खोलीत तुमचं ते धुरकट करा. हॉलमध्ये पॉलिश. ही तशीबी खोलीतच बसणार.”

त्यांच्या चेहऱ्यावर केवढं मोठं मन केल्याचा भाव होता! मी काही बोलणार तेवढ्यात अक्का बोलल्या. एकेक शब्द जुळवत, पण वर्गात मागच्या बाकापर्यंत जावा तसा आवाज.

“खोलीत बसायला... फ्लॅट काय वाईट होता?”

साहेब म्हणाले, “तसं न्हाई गं—”

“मी हॉलमध्ये बसणार. दारातनं रस्ता दिसतो. शेजारच्या बाया येतील. स्वयंपाकघरात बी जाणार. एकटी.” मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, “मॅडम, घर कुणाच्या नावावर हाय?”

मी म्हटलं, “तुमच्या.”

इकडं बरेच साहेबलोक नोकरीत असतानाच बायकोच्या नावावर प्लॉट घेतात. कारणं ज्याची त्याला ठाऊक. कागदापुरती मालकीण केलेली बाई एक दिवस तोंड उघडेल, हे कारणांमध्ये धरलेलं नसतं.

“मग समद्या घरात हेच करा,” अक्कांनी काठीनं होन्डचा तुकडा दाखवला. “ह्यांना तोंड बघायचं असलं तर ह्यांच्या आफिस रूममध्ये बघतील.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी वहिवाटीप्रमाणे मालकाचं ऐकलं.

घर पुरं झालं. सगळीकडं होन्ड, वरून डाग शोषू न देणारा, न चमकणारा सीलर. आज अक्का हॉलमधून स्वयंपाकघरात काठी टेकत एकट्या जातात. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून गल्लीतल्या दोन मुलींना गणित शिकवायला लागल्यात. साहेबांच्या ऑफिस रूमला त्यांच्या हट्टाप्रमाणे आरसा केला. पहिल्याच पावसाळ्यात ओल्या पायांनी आत शिरताना साहेब तिथं आडवे झाले. मनगटाला प्लास्टर आलं. आता त्या आरशावर भिंतीपासून भिंतीपर्यंत जाजम आहे.

परवा मी गेले तेव्हा पाहुण्यांना साहेब हॉल दाखवत होते. “मॅट फिनिश हाय. पॉलिश करायला लई लोकं मागं लागले होते, मीच न्हाई म्हणलो.” अक्का समोरच बसल्या होत्या. त्यांनी चहाचा घोट घेतला.

नवीन घर बांधणाऱ्यांना मी हल्ली एवढंच सांगते. फ्लोअर ठरवताना घरात सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाला आधी विचारा. बाकीच्यांना नाही विचारलं तरी चालतं. ते न विचारता सांगतातच.