गिअरच्या सायकलला डबल बेल

आमचे हे एसटीचे ड्रायव्हर. निवृत्त झाले आणि पलंगाला चिकटले. गुडघे दुखतात म्हणून बसायचे, आणि बसून बसून गुडघे आणखी दुखायचे. बोलणंही आटलं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. लेकीने लगेच गिअरची सायकल आणून दिली. माणूस पलंगावरून उठेल म्हणून मीच जास्त हरखले.

पण जन्मभर बस चालवलेल्या माणसाला गिअर कोण शिकवणार? पहिल्याच दिवशी यांनी साखळीला बसचं घट्ट ग्रीस थापलं. उस्मानपुऱ्यातली सगळी धूळ त्यावर येऊन बसली. मी गुपचूप रॉकेलच्या फडक्याने साखळी पुसली आणि शिलाई मशीनचं पातळ तेल थेंब थेंब सोडलं. सिग्नलला थांबले की हे न्यूट्रल शोधायचे.

खरी गोची पुढेच होती. सायकलचा गिअर पायडल फिरत असतानाच बदलावा लागतो. बसमध्ये आधी क्लच दाबायचा, मग गिअर टाकायचा. त्यामुळे यांचा अंगठा गिअरवर गेला की पाय आपोआप थबकायचे, मग एकदम जोर लावायचे आणि साखळी खटकन खाली. मी समजावायला गेले तर म्हणाले, "तू मला गिअर शिकवती व्हय?" लेकीने फोनवर सांगून पाहिलं, तिलाही हेच ऐकावं लागलं. छावणीच्या पुढच्या चढावर पुन्हा एकदा हात काळे झाले, तेव्हा सायकल भिंतीला टेकवून म्हणाले, "उद्या एकदा बघतो. साखळी पडली तर ही भंगारात. मला नाय जमत आता."

त्या 'आता'ची मला धास्ती वाटली. पलंग घरात टपूनच बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी माझी जुनी, बिनगिअरची सायकल काढून यांच्या मागे निघाले. चढ आला. अंगठा हलला, पाय थबकले. तोंडाने सांगायची सोय नव्हती. काय सुचलं कोण जाणे, मी घंटी वाजवली, टण टण. एसटीत कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. बायकोचं यांनी कधी ऐकलं नाही, पण डबल बेल मोडायची यांची छाती नाही. पाय फिरले, गिअर मुकाट्याने बसला. पुढच्या गिअरला पुन्हा टण टण. त्यानंतर घंटीची गरजच पडली नाही.

हे सरसर वर निघाले आणि मागे माझी दमछाक झाली. शेवटी नाइलाजाने मी एकच घंटी दिली. हे थांबले नाहीत. मान मागे वळवून म्हणाले, "मागची गाडी रिकामी येती, तिच्यात बस."

लई दिवसांनी यांनी माझी थट्टा केली होती. मी रस्त्याच्या कडेला सायकल धरून एकटीच हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.