आवाज न होणारी टाळी

मैत्रिणींनो, आज माझ्या बालवाडीत जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

पिंपरीच्या नव्या कारखान्यामागच्या चाळीत शालू राहायला आली आहे. वय साडेतीन. मी डफ वाजवला की बाकीची पोरं घोडे होऊन जमीन हादरवतात. ही मात्र चवड्यांवर चालते. गाण्याला नुसते ओठ हलवते. टाळी वाजवताना तळवे एकमेकांना टेकूच देत नाही. मला वाटलं, पोरीला ऐकू येत नसावं.

सकाळी तिला सोडायला आलेल्या आईला शेवटी विचारलंच. ती ओशाळली. "बाई, हिच्या वडलांना रातपाळी असती. दिवसा त्याच खोलीत झोपत्यात. आवाज करायचा न्हाई, असं मीच शिकवलंय तिला."



शाळा सुटायच्या वेळी पाहते तर दारात शालूचे वडील! डोळे तारवटलेले, झोप सोडून आलेले. बायकोनं सगळं सांगितलं असणार. चपला काढून ते सरळ पोरांच्या रिंगणात शिरले आणि त्यांनी दाणकन पाय आपटला.

"शालू, बघ, मी जागा हाय!"

शालू क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं अशी टाळी वाजवली, की माझा डफ वाजवायचा राहूनच गेला.

तुमच्याही वर्गात एखादं गप्प पोर असेल. ते कुणाची झोप सांभाळतंय, हे उद्या विचाराल का?