तिसरा हात

पूर्णेच्या एका शाळेत क्लार्क असलेली सुकेशनी तशी कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी बाई. पण एकदा डूख धरला की धरला. सिद्धोधन ढोलकीवाल्यावर तिनं तो धरला होता, आणि मला विचाराल तर बरंच केलं होतं.

बारा वर्षं ती त्याच्या गायन पार्टीत गायली. गाणी तिची, गळा तिचा, नाव मात्र पार्टीचं. गेल्या भीमजयंतीला बोरी गावात तिनं एवढंच म्हटलं की गाणं कुणी लिहिलं ते माइकवरून सांगा. सिद्धोधनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अंगठ्याऐवजी सही करायला शिकलेल्या आईवरचं तिचं गाणं रंगात आलं होतं. तेवढ्यात हा गडी ढोलकी काखेत मारून उठला आणि माइक ओढून म्हणाला, "आता गा म्हणावं. ढोलकीबगर हिचं गाणं उभं राहतं का बघू." लोक हसले. सुकेशनीनं गाणं अर्ध्यातच सोडलं. ती खाली उतरली, आणि त्यानंतर तिला कुठल्याच गावाचं बोलावणं आलं नाही.

दिवाळीनंतर तिनं जुना लॅपटॉप आणला, एक माइक आणला आणि मागच्या खोलीत भिंतींवर गोधड्या टांगल्या.

"गाणं घरीच रेकॉर्ड करायलेय," तिनं नवऱ्याला सांगितलं. धम्मदीप रेल्वेत लाइनवर कामाला, बोलायला मोजका.

"आन् ढोलकी कोण वाजवंल?"

"लॅपटॉप."

म्हणजे असं, की कुण्या वादकानं वाजवलेले सुटे ठोके सॉफ्टवेअरमध्ये भरलेले असतात. आपण माउसनं एकेक ठोका उचलून जागेवर बसवायचा, की ठेका तयार. सुकेशनीनं तीन सॉफ्टवेअर उतरवून घेतली. पहिल्यात सगळे विलायती ड्रम. आईच्या सहीचं गाणं त्यावर लावलं तर कुणी दुकानाचं शटर ओढतंय असं वाटे. दुसऱ्यात ढोलकी होती, पण दर ठोका अगदी एकसारखा. तिसरं दहा दिवसांपुरतं फुकट होतं. त्यात एकच थाप हळू, जोरात, अर्धवट, अशी डझनभर तऱ्हांनी भरलेली, आणि कुठलाही ठोका तसूभर पुढेमागे सरकवता येत होता.

धम्मदीपला दुसरं आवडलं. "ताल पक्का हाय की ह्याचा."

"लय पक्का हाय. सिद्धोधनदादा इतकं पक्कं वाजवत न्हाईत."

तेव्हा धम्मदीपच्या ध्यानात आलं. ही चांगली ढोलकी शोधत नव्हती, सिद्धोधनचा हात शोधत होती. डाव्या पुडीची, म्हणजे डावीकडच्या कातड्याची, घुमक तो किंचित उशिरा सोडतो, कडवं संपताना घाई करतो, हे बारा वर्षं शेजारी बसून तिला पाठ झालं होतं. त्याचा हात त्याच्यावाचून वाजवून दाखवायचा, एवढीच तिची इच्छा होती. चांगल्या बाईनं असं मनात आणू नये म्हणतात. तिनं आणलं.

शाळेतून आली की ती ठोके सरकवत बसायची. रेल्वेगाडीची शिट्टी रेकॉर्ड होते म्हणून गायचं मात्र दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. दहाव्या दिवशी गाणं पुरं झालं. धम्मदीपनं डोळे मिटून ऐकलं, मांडीवर ताल धरला आणि तिसऱ्या कडव्याला अडखळला.

"हितं चुकलंय. दोन्ही पुड्या एकसारख्या पळायल्यात, आन् वरून ढोलकीच्या लाकडी खोडावर काठीबी वाजायलीय. माणसाला दोनच हात असतेत."

सुकेशनीनं पुन्हा ऐकलं. खरंच, ठोके मांडण्याच्या नादात हात मोजायचे राहूनच गेले होते. पण कडवं असं काही पेटलं होतं की तिला ते मोडवेना.

"असू द्या," ती म्हणाली.

गाणं मोबाइलवरून गावोगाव गेलं. लोकांनी सिद्धोधनचा हात बरोबर ओळखला आणि नेमकं सिद्धोधनलाच शाबासकी दिली. त्यानं ती घेतली की! परभणीत चारचौघांत सांगितलं, "मीच वाजवली. बाई हातापाया पडली म्हणून. तिसऱ्या कडव्यातली काठीबी माझीच, एका दमात."

हे कानावर आलं तेव्हा सुकेशनी भाकरी थापत होती. थाप जोरात बसली, भाकरी फाटली. धम्मदीप म्हणाला, "सगळ्यांना सांगून टाक खरं काय ते." ती म्हणाली, "न्हाई. सिद्धोधनदादांनाच सांगू द्या."

मार्चअखेर पूर्णेच्या जयंती समितीचे अध्यक्ष भगवानराव गुरुजी घरी आले. तेच गाणं हवं होतं.

"गाते की गुरुजी. पण ढोलकी सिद्धोधनदादांचीच पाहिजे. रेकॉर्डिंगला त्यांनीच वाजवली म्हणतेत ना?"

सिद्धोधनला नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. जयंतीच्या संध्याकाळी मांडव भरला. गुरुजींनी या वेळी गाणाऱ्या बाईचं आणि लिहिणाऱ्या बाईचं नाव नीट सांगितलं, एकच होतं ते. पहिली दोन कडवी सुरळीत गेली, वाजवणारा कच्चा नव्हताच. तिसरं जवळ आलं तसा तो वाकून पुटपुटला, "सुकेशनी, जरा हळू घे."

तिला हळू घेता आलं असतं. तिनं लय बोटभर चढवली.

मांडवातल्या प्रत्येकाला ते कडवं पाठ होतं. सिद्धोधननं काठी उचलली तर डावी पुडी मुकी झाली. काठी टाकली तर पोरं ओरडली, "दादा, काठी, काठी." त्यानं बोटांत काठी धरून दोन्ही हात पळवले आणि ठेका कोसळला. घामेजलेले हात ढोलकीवर तसेच राहिले. सुकेशनी माइकपासून न हलता म्हणाली, "एका दमात वाजवलं होतं ना, दादा?"

लोक हसले. ते हसू तिनं पुरतं ऐकून घेतलं. मग ढोलकीवाचून तिसरं कडवं पुन्हा पहिल्यापासून उचललं, आणि दुसऱ्या ओळीला मांडवानं टाळ्यांचा ठेका धरला. सिद्धोधन खाली मान घालून बसला होता. बोरीत तो मधूनच उठून गेला होता, पण आज सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते, त्याला उठता येईना. शेवटी ध्रुपद एकदाच घ्यायचं ठरलं होतं. सुकेशनीनं ते चार वेळा घेतलं.