अण्णांचं थंडगार हॉटेल

माणूस घामाघूम झाला की खरं बोलतो, आणि खरं बोलला की किस्सा होतो. आमच्या हॉटेलात पावसाळ्यात काही म्हणजे काही घडायचं नाही. लोक यायचे, छत्री झटकायचे, जेवायचे, जायचे. पण मार्च संपला की रोज एक! ते इतके साठलेत, की मित्रांत बसलो की आधी कुठला सांगू, हेच कळत नाही.

महाडला तेव्हा वीज नव्हती. सन तीसच्या पुढेमागे मी बाजारपेठेत अण्णांच्या हॉटेलात वाढप्याचं काम करायचो. हॉटेल कसलं, एक लांबट खोली, सहा टेबलं आणि बाकडी. पण दारावर बोर्ड होता, ‘थंडगार हवेत उत्तम भोजन’. ती थंडगार हवा म्हणजे आढ्याला टांगलेला झालरीचा पंखा. त्याची दोरी कप्पीवरून, भिंतीतल्या भोकातून मागच्या पडवीत जायची. पडवीत बसून ती ओढायचा धोंडूदादा.

धोंडूदादा पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात राहणारा. पन्नाशीचा. कापणी-झोडणी आटपली की खाली यायचा, चार महिने दोरी ओढायचा आणि पेरणीच्या आधी परत जायचा. अण्णा त्याला ‘धोंड्या’ म्हणायचे. त्याचं जेवण पडवीतच. सात उन्हाळे त्याने वारा घातला, पण त्या वाऱ्यात तो कधी बसला नव्हता.

* * *

एका वर्षी पंखा वाजायला लागला. कुर्र... कुईं! कुर्र... कुईं!

आमचे रोजचे गिऱ्हाईक एक वकील होते, तात्यासाहेब. ते ओरडले, “अण्णा, मी आमटी खातोय की बैलगाडीत बसलोय?”

धोंडूदादाने भिंतीला कान लावला आणि डॉक्टरसारखं निदान केलं, “कप्पी सुकलीय. त्याल घाला.”

“तेल खायला असतं!” अण्णा म्हणाले.

पंधरा दिवस पंखा रडला. शेवटी धोंडूदादाने स्वतःच्या डोक्याला लावायचं खोबरेल कप्पीत सोडलं. पंखा एकदम गप्प!

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यासाहेब घाम पुसत म्हणाले, “अण्णा, आज पंखा बंद का?”

पंखा त्यांच्या डोक्यावर हलत होता. शेंडी उडत होती! पण पलीकडच्या टेबलावरूनही तेच, “हो ना, आज फार उकडतंय!” आवाज नाही म्हणजे वारा नाही, असं सगळ्यांचं ठरलंच. दोन दिवस अण्णांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी पडवीत जाऊन म्हणाले, “धोंड्या, ते तेल पुसून काढ!”

* * *

अण्णांची सासुरवाडी सोलापूरकडे. तिथे त्यांनी वाळ्याचे पडदे पाहिले. पडद्यावर पाणी मारायचं, बाहेरचा वारा त्यातून आत आला की गार होतो. अण्णा भारावून परत आले. सगळ्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागले. एवढ्यावर थांबते तर ते अण्णा कसले! गारवा बाहेर पळू नये म्हणून त्यांनी पडद्यांमागची खिडक्यांची दारंही घट्ट लावून घेतली.

सोलापूरची हवा कोरडी खणखणीत. आमच्याकडे सावित्रीच्या खाडीचा दमटपणा. त्यात मागे स्वयंपाकघरात तीन चुली. अर्ध्या तासात गिऱ्हाइकांचे चेहरे टोमॅटोसारखे झाले. एका मास्तरांच्या चष्म्यावर इतकी वाफ जमली, की त्यांनी ताकाऐवजी हात धुवायचं पाणी भातावर ओतलं.

“कसं गार वाटतंय, मास्तर?” अण्णांनी विचारलं.

“वाटतंय, वाटतंय,” मास्तर म्हणाले. बोर्डावर लिहिलंय ते खोटं कसं म्हणणार!

झालर भिजून जड झाली, दोरी ओढवेना, म्हणून धोंडूदादा बघायला दारापर्यंत आला. त्याने आत डोकं घातलं आणि झटकन बाहेर काढलं.

“अण्णा, ह्ये मोदकाचं पातेलं हाय! फकस्त खाली हळदीचं पान नाय.”

मग त्यानेच समोरासमोरच्या दोन खिडक्या सताड उघडल्या आणि पडदे बाजूला सारले. खाडीवरचा वारा आरपार वाहायला लागला. लोकांनी सुस्कारा सोडला.

अण्णा छाती फुगवून म्हणाले, “बघितलात पडद्यांचा गुण!”

* * *

पडद्यांचा खरा गुण आठ दिवसांनी कळला. वाळा भिजवला की अधूनमधून उन्हात खडखडीत वाळवावा लागतो. हे धोंडूदादाने दोनदा सांगितलं होतं. अण्णांनी दोन्ही वेळा ऐकलं नव्हतं. पडदे आतून कुजले आणि भर पंगतीत वास सुटला.

तात्यासाहेब ताटावरून उठले. कडक सोवळ्याचे गृहस्थ. बायको दर उन्हाळ्यात माहेरी जायची म्हणून आमच्याकडे जेवायचे, तेही उपकार केल्यासारखे.

“अण्णा! या हॉटेलात मासळी शिजते!”

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. मी आणि आचारी, दोघांनी डबे, मडकी, फडताळ सगळं उपसलं. काही नाही. तात्यासाहेब नाक वर करून खोलीभर फिरले, पडद्यापाशी थांबले, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि जाहीर केलं, “बोंबील! सुके बोंबील! आणि तेही जरा जास्त भाजलेले!”

अण्णांनी हात जोडून अगदी नम्रपणे विचारलं, “वकीलसाहेब, जास्त भाजलेले ते कसं ओळखलंत?”

तात्यासाहेब खाली बसले. भात कालवला. म्हणाले, “आज आमटी बरी झाली आहे.” त्या उन्हाळ्यात वासाबद्दल त्यांनी पुन्हा तक्रार केली नाही.

* * *

मग बर्फ. मुंबईहून बोटीने दासगावच्या बंदरात, तिथून बैलगाडीने महाडात. भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली मोठी लादी. कुणीतरी अण्णांना सांगितलं होतं, भुशात बर्फ आठ दिवस टिकतो. अण्णांनी भुसा झटकून काढला, कारण घाण दिसत होता! लादी पत्र्याच्या पेटीत घातली, कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली आणि पेटी पडवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी बर्फाचं सरबत प्यायला ही गर्दी! अण्णांनी सगळ्यांसमोर पेटी उघडली. आत पाणी.

“चोरी!” अण्णा किंचाळले.

“कुलूप शाबूत आहे, अण्णा,” मी म्हणालो.

“म्हणजे चोर हुशार आहे!” आणि ते वळले ते थेट धोंडूदादाकडे. “पडवीत तूच असतोस. दाखव तुझी वळकटी!”

सगळ्या गावासमोर अण्णांनी त्याची वळकटी उलगडली. एक घोंगडी, एक धोतर, तंबाखूची चंची. धोंडूदादाचे कान लाल झाले होते. अण्णांचं झटकून झाल्यावर त्याने घोंगडीची नीट घडी घातली, ग्लास घेतला, पेटीत बुडवला आणि अण्णांपुढे धरला.

“चोर पेटीतच हाय, अण्णा. घ्या, प्या.”

लोक हसून हसून बाकड्यांवर आडवे झाले. अण्णांनी मनात ठेवलं.

* * *

पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी मुंबईच्या लिलावातून घासलेटवर चालणारा पंखा आणला. खाली दिवा पेटवायचा, वरची नळी तापली की पाती फिरतात. खोली गार करायला आधी खोलीत जाळ करायचा!

“धोंड्या, याला जेवण लागत नाही, झोप लागत नाही, आणि हा उलट बोलत नाही,” अण्णा म्हणाले. “तू घरी जा.”

धोंडूदादाने पंख्याभोवती एक चक्कर मारली. “घासलेट पितो म्हनं ह्यो. मी आपला पानी प्यायचो.” घोंगडी खांद्यावर टाकली आणि गेला.

त्याच आठवड्यात महाबळेश्वरला हवा खायला निघालेले एक बडे साहेब जेवायला उतरले. पांढरा शुभ्र सूट. अण्णांनी त्यांना खास पंख्यासमोर बसवलं आणि वारा जोरात यावा म्हणून वात भरपूर वर चढवली. नळीत काजळी होती. ती कुणी साफ करायची असते, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. पंख्याने दोनदा खाकरल्यासारखं केलं आणि सगळी काजळी साहेबांवर फेकली.

साहेब उठले. फक्त डोळे आणि दात दिसत होते. बाहेर गेले तर त्यांच्याच ड्रायव्हरने विचारलं, “कोण पाहिजे?”

* * *

पंखा अडगळीत गेला. दोरी ओढायला अण्णांनी दोघांना लावून पाहिलं. एकाने चार दिवसांत झालर फाडली, दुसरा एका दुपारीत पळाला. समोर नवीन हॉटेल निघालं होतं, आमचे गिऱ्हाईक तिकडे सरकायला लागले. शेवटी अण्णांनी मला धोंडूदादाकडे पाठवलं.

मोटारीने पोलादपूर, पुढे दोन तास चढण. तो गोठ्याची कुडाची भिंत बांधत होता. त्याच्या बायकोने, वहिनींनी, मला ताक दिलं. डोंगरावर असा वारा होता, की ताकाचा ग्लास दोन हातांनी धरावा लागला.

“अण्णांनी बोलावलंय,” मी म्हणालो.

“येतो की,” तो म्हणाला. “पन एक हाय. येक दिस मी आत बसून जेवनार. टेबलावर. चालू पंख्याखाली.”

“आणि दोरी?”

“अण्णांनी वढायची. दुसरा गडी लावला तर मी येनार नाय.”

वहिनी हसल्या नाहीत. म्हणाल्या, “सांगा तसंच, भावजी. सगल्यांसमोर वळकटी सोडली व्हती त्यांची.”

मी परत आलो आणि मान खाली घालून निरोप सांगितला. अण्णा संतापले, थरथरले, मला ‘बाहेर हो’ म्हणाले. दोन दिवस गेले. तिसऱ्या दुपारी सहांपैकी पाच टेबलं रिकामी होती. अण्णा रिकाम्या बाकड्यांकडे बघत म्हणाले, “त्याला म्हणावं, ये.”

धोंडूदादा आला तो धुतलेलं धोतर नेसून. मधल्या टेबलाशी बसला, पाय कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून बाकड्यावर मांडी घातली. मी वरण वाढलं, तूप वाढलं. मागे पडवीत, पत्र्याखाली, अण्णा उघड्या अंगाने बसले आणि दोरी ओढायला लागले. पंखा झटके देत हलला. धोंडूदादा सावकाश जेवत होता, एकेक घास चावून.

तेवढ्यात तात्यासाहेब आले. त्यांनी धोंडूदादाला पाहिलं, मग उघड्या दारातून पडवीत पाहिलं.

“अण्णा! हे काय चाललंय?”

अण्णांच्या नाकावरून घाम टपकत होता. “काही नाही,” ते म्हणाले, “पंख्यात काही बिघाड आहे का, ते बघतोय.”

धोंडूदादाने तोंडातला घास गिळला आणि मागे वळूनही न बघता म्हणाला, “पंख्यात नाय, अण्णा. वढा तुमी.”